‘तक्रार केली तर राग आईवरच निघेल’

ताई पन्नाशीच्या, ठाण्यात राहणाऱ्या, बँकेत नोकरी करणाऱ्या. आई ७९ वर्षांच्या. दीड वर्षापूर्वी खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि त्यानंतर विसरणं वाढत जाऊन डिमेन्शियाचं निदान झालं. घरी देखभालीला ठेवलेल्या दोन बायका टिकल्या नाहीत, तिसरी महिनाभरात न सांगता गेली. मग पुण्याबाहेरच्या एका शुश्रूषा केंद्रात सोय केली. भाऊ न्यू जर्सीत असतो. पैसे तो भरतो, फेऱ्या ताई मारतात. (अशा अनेक कुटुंबांच्या अनुभवांवरून ही हकीकत बेतली आहे. कुणाची ओळख पटेल असं त्यात काही ठेवलेलं नाही.)

ताई आम्हाला म्हणाल्या, “गेल्या रविवारी आईला जवळ घेतलं तर कसलासा वास आला. केंद्रातल्या मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, ‘आत्ताच पुसून पावडर लावलीय.’ मी गप्प बसले. जास्त बोलले असते आणि मी गेल्यावर त्यांनी राग आईवर काढला असता तर? तिला तर सांगताही येत नाही.”

आई, वडील, सासूबाई, अविवाहित आत्या, कुणीही अशा केंद्रात असलं तरी हे वाक्य जवळजवळ प्रत्येक कुटुंबाच्या तोंडी येतं. ही भीती खुळी नाही. बोलता न येणारं माणूस दुसऱ्याच्या हाती सोपवलेलं असतं. पण गप्प बसल्याने त्या माणसाचं रक्षण होत नाही. जिथे माणसं कमी आणि खाटा जास्त, तिथे ज्या खाटेबद्दल कुणी नेमकं विचारतं तिच्याकडे आधी लक्ष जातं, आणि जिच्याबद्दल कुणी विचारत नाही ती शेवटी राहते. तेव्हा कसं बोलायचं, एवढंच ठरवायचं उरतं.

त्याआधी एक गाठ सोडवावी लागली. ‘मीच आईला टाकलं’ ही टोचणी ताईंच्या मनात इतकी खोल होती की केंद्रात गेल्यावर त्या आईकडे नीट बघतच नसत. खाऊ द्यायचा, केस विंचरायचे, डोळे पुसत निघायचं. वाईट दिसलं तर आपला निर्णय चुकला असं ठरेल, म्हणून डोळे आपोआप दुसरीकडे वळत. उलटही घडतं. हीच टोचणी एखाद्या दिवशी मावशींवर ओरडण्यातून बाहेर पडते. चौदा खाटांना रात्री एकटी पुरणारी बाई तो राग झेलते आणि व्यवस्थापक नामानिराळा राहतो. पहिल्या भेटीत ताईंशी यावरच बोलणं झालं. आईला चोवीस तास दोन माणसांची मदत लागते आणि घरी ती मिळाली नाही, हे त्यांनी स्वतःच्या तोंडाने दोनदा सांगितलं, तेव्हा कुठे पुढचं ऐकण्याइतकी जागा मनात झाली.

आता बघायचं काय? नातेवाईक भेटीच्या वेळेत, बहुधा दुपारी, माणसाला पाहतात ते स्वच्छ गाऊन घालून व्हीलचेअरवर बसवलेलं, पावडर लावलेलं. पाठ कुणी पाहत नाही. आणि बिघडायला सुरुवात होते ती पाठीकडूनच. म्हणून ताईंना सांगितलं, पुढच्या वेळी डायपर बदलताना किंवा अंग पुसताना हजर राहायचं. “मला शिकायचंय, मीही मदत करते,” असं म्हटलं की सहसा कुणी अडवत नाही. मुलीलाही आत येऊ देत नसतील, तर तीच मोठी नोंद समजावी.

बेडसोर, म्हणजे शय्याव्रण, माकडहाडावर, टाचांवर, खुब्यावर, खांद्याच्या मागच्या हाडावर, डोक्याच्या मागच्या भागावर होतात. हाड आणि गादी यांच्यात कातडी दाबली जाते आणि तिथला रक्तपुरवठा थांबतो. ओल्या डायपरने ती भिजून मऊ पडली की लवकर फाटते. पहिल्या पायरीला फक्त लाली असते. बोटाने दाबून सोडल्यावर ती क्षणभर पांढरी होत नसेल, तर व्रण सुरू झाला. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तिथे हात लावून पाहावं, आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा मऊ लागतं का. दुसऱ्या पायरीला साल जाते किंवा फोड येतो. तिसऱ्या पायरीला आतली चरबी दिसते, चौथ्या पायरीला स्नायू किंवा हाड. पहिल्या पायरीवर भार काढून घेतला तर कातडी बहुतेक वेळा सावरते, चौथीला जखम भरायला महिने लागतात. लाल भाग चोळायचा नाही, त्यावर पावडर थापायची नाही, आणि भोकाची गोल उशी बसायला द्यायची नाही. तिच्या कडेने उलट दाब वाढतो.

पाठीबरोबर तोंडही उघडून पाहावं. जीभ कोरडी, त्यावर पांढरा थर, कवळी दिवसेंदिवस न धुतलेली, याचा अर्थ पाणी आणि तोंडाची निगा दोन्ही राहून जातंय. लघवी गडद आणि उग्र वासाची आहे का? वजन किती? महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के घटलं, तर डॉक्टरांना दाखवायला हवं. ४६ किलोच्या बाईच्या बाबतीत ५ टक्के म्हणजे जेमतेम सव्वादोन किलो. गाऊनमध्ये ते डोळ्यांना कळत नाही, म्हणून दर महिन्याच्या एकाच तारखेला वजन करून लिहून ठेवायला सांगायचं.

औषधांचा तक्ता डॉक्टरांच्या चिठ्ठीशी ताडून बघावा. ‘आजी आता छान शांत झाल्यात’ हे ऐकून हायसं वाटतं, पण शांतपणाच्या मागे रात्रीची नवी गोळी असू शकते. डिमेन्शियाच्या रुग्णांना दिली जाणारी काही मनोविकाराची औषधं मृत्यूचा धोका वाढवतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ सालीच दिला आहे. गोळी आपल्या मनाने बंद करू नये. ती कोणी, कधीपासून, कशासाठी आणि किती दिवसांसाठी लिहिली, हे डॉक्टरांना विचारावं.

पुढच्या रविवारी ताईंनी पाहिलं. माकडहाडावर नाण्याएवढी साल गेलेली जखम, डायपर पोटरीपर्यंत गळलेला. रडू आलं, पण त्या बोलल्या नाहीत. आधी वहीत लिहिलं. तारीख, वेळ, काय दिसलं, कोण हजर होतं, ते काय म्हणाले. जखमेचा फोटो शेजारी मोजपट्टी ठेवून, चेहरा न घेता. आईला आधी सांगून, “आई, पाठीचा फोटो काढते हं, डॉक्टरांना दाखवायला.” तिला पूर्ण कळत नसलं तरी सांगायचंच. असे फोटो नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नयेत. कपड्याविना अंगाचा फोटो तिकडे फिरला, तर त्यात माणसाचीच अप्रतिष्ठा होते.

त्याच संध्याकाळी व्यवस्थापकांना मेसेज गेला. त्याचा मसुदा सगळ्यांच्या उपयोगी पडेल:

“नमस्कार. आज दुपारी ४.१० वाजता आईच्या माकडहाडावर सुमारे २ सेंमीची साल गेलेली जखम दिसली. डायपर पूर्ण भिजून गळला होता. विनंती अशी की, जखम आजच डॉक्टरांना दाखवून उपचार लेखी कळवावेत. दर दोन तासांनी कूस बदलल्याची नोंद खाटेजवळ ठेवावी. रात्री डायपर किमान १ आणि ५ वाजता तपासावा. बुधवारी संध्याकाळी ५ वाजता मी येते, तेव्हा जखम आणि नोंदी एकत्र पाहू. मावशी आईला शांतपणे भरवतात हे मी पाहिलं आहे. त्यांना रात्री जोडीला माणूस मिळावं.”

यात ‘तुम्ही लक्ष देत नाही’ हे वाक्य नाही. त्यावर फक्त ‘देतो की’ एवढंच उत्तर येतं. ४.१० आणि २ सेंमीवर तसं उत्तर देता येत नाही. शेवटच्या वाक्याने मावशी विरोधात जात नाहीत, आणि बहुतेक ठिकाणी खरी खोट रात्रीच्या अपुऱ्या माणसांतच असते. रात्री माणूस कमी, म्हणून दहाला वळवलेलं माणूस थेट पाचला वळतं. मावशींच्या हातात गुपचूप शंभर-दोनशे रुपये ठेवण्याची सवय बऱ्याच घरांना असते. ती मोडावी असं आमचं ठाम मत आहे. असे पैसे दिले की खाटांखाटांमध्ये बोली लागते, आणि जिचं कुणी येत नाही ती आजी आणखी मागे पडते.

बुधवारच्या बैठकीत ताईंनी तीनच गोष्टी ठरवून घेतल्या. कूस बदलताना सरळ बाजूवर न टाकता पाठीमागे उशी देऊन सुमारे ३० अंशांत तिरकं झोपवायचं, म्हणजे भार खुब्याच्या हाडावर येत नाही. पोटऱ्यांखाली उशी, टाचा अधांतरी. हवेची गादी आली तरी वळवणं थांबवायचं नाही. ती दाब कमी करते, नाहीसा करत नाही. भरवताना पूर्ण बसवायचं, नंतर अर्धा तास तसंच ठेवायचं, आणि इतर वेळी पलंगाची डोक्याकडची बाजू ३० अंशांच्या वर ठेवायची नाही, कारण शरीर खाली घसरतं आणि कातडी ओढली जाते.

तिसरी गोष्ट जेवण. जखम भरायला प्रथिनं लागतात, साधारण किलोमागे दिवसाला सव्वा ते दीड ग्रॅम, म्हणजे ४६ किलोला ५७ ते ६९ ग्रॅम. चहा-बिस्किट, पेज आणि पातळ वरण-भातावर निम्मीही भरत नाहीत. अंड्यातून ६ ग्रॅम, पेलाभर दुधातून साधारण तेवढीच, १०० ग्रॅम पनीरमधून १८ च्या आसपास. मूत्रपिंडाचा विकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं.

भावाशी वेगळं बोलावं लागलं. तो फोनवर बहिणीचा जाब घ्यायचा आणि तिच्याकडे उत्तर नसायचं. त्याला काम दिलं. भारतात रात्रीचे दोन वाजतात तेव्हा न्यू जर्सीत आदल्या दिवशीची दुपार असते, उन्हाळ्यात साडेचार, हिवाळ्यात साडेतीन. आठवड्यातून दोनदा त्याने रात्रपाळीला फोन करायचा, “आई आत्ता कुठल्या कुशीवर आहे?” एवढंच विचारायचं आणि ऐकलेलं सामाईक वहीत लिहायचं. पहिल्या दोन वेळा फोन उचललाच गेला नाही. तेही लिहिलं.

दोन आठवड्यांत नोंदींचा तक्ता खाटेला लागला, जखम कोरडी होऊ लागली, आणि मावशी ताईंशी पूर्वीपेक्षा मोकळं बोलू लागल्या. राग आईवर निघाला नाही. पण महिन्याभराने ताईंच्या लक्षात आलं की तक्त्यावरच्या सगळ्या खुणा एकाच पेनाच्या, एकाच हातच्या आहेत. १२, २, ४, ६, कधी पाच मिनिटंही इकडेतिकडे नाही. तक्त्यावर ‘४ वाजता डावी कूस’, आणि सव्वाचारला आई उताणी. सकाळी एकदाच बसून भरलेला तक्ता असा दिसतो. भावाच्या वहीतली रात्रीची उत्तरंही त्याच्याशी जुळेनात. व्यवस्थापकांना विचारलं तेव्हा रात्री दुसरं माणूस ठेवणं परवडत नाही, हे त्यांनी सरळ सांगितलं. मग जागा बदलायचं ठरलं.

काही वेळा इतका धीर धरायचा नसतो. जखम खोल किंवा काळी, दुर्गंधी, ताप, अचानक गुंगी, गिळताना ठसका आणि धाप, यातलं काही दिसलं तर दुसरं केंद्र शोधत न बसता त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. दंडावर बोटांचे वळ, मनगटाला बांधल्याचे चट्टे, विशिष्ट माणूस जवळ आल्यावर अंग चोरणं, याचं समाधानकारक कारण मिळालं नाही तर डॉक्टरांकडून लेखी नोंद करून पोलिसांकडे जावं. तातडीला ११२ आहे.

तक्रार कुठे करायची, यात लोकांचे महिने जातात. आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे छोटं रुग्णालय. त्याची नोंदणी १९४९ च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्याखाली होते आणि महापालिका हद्दीत ती पालिकेचं आरोग्य खातं बघतं. केवळ राहण्या-जेवणाचा वृद्धाश्रम बहुधा ट्रस्टचा, म्हणजे धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला असतो. म्हणून पहिला प्रश्न, तुमची नोंदणी कशाखाली, प्रमाणपत्र दाखवा. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं न्यायाधिकरण मुख्यतः मुलांकडून निर्वाह मिळवून देण्यासाठी आहे, तिथे शुश्रूषेची तक्रार घेऊन गेल्यास हेलपाटेच पडतात. मार्गदर्शनासाठी १४५६७ ही ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. पैसे भरून घेतलेल्या सेवेतल्या त्रुटीसाठी जिल्हा ग्राहक आयोग आहे. घटनेपासून दोन वर्षांत, आणि २०१९ च्या कायद्यामुळे तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही दावा करता येतो. पावत्या, करारपत्र, फोटो आणि ती वही तिथे लागते.

ताईंनी दावा केला नाही. अनामत परत मिळाली आणि त्यांना आईच्या जवळ बसायला वेळ हवा होता. नवं केंद्र डोंबिवलीजवळचं, अकरा खाटांचं. तिथे त्या ठरवून रात्री साडेआठला गेल्या, रात्रपाळीला किती माणसं आहेत ते स्वतः मोजलं, दोन होती. दाखल करताना सिस्टरांबरोबर आईचं अंग डोक्यापासून टाचांपर्यंत तपासलं. माकडहाडावर १ सेंमीची भरत आलेली जखम, डाव्या टाचेवर लाली, वजन ४३.५ किलो. कागदाच्या दोन प्रती, दोघींच्या सह्या. एक प्रत खाटेशेजारच्या फाइलमध्ये लागली, दुसरी ताईंच्या पर्समध्ये.