न्यूयॉर्कमध्ये लोक जुनं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, विकत घेऊन त्यात राहतात म्हणे. ज्यू धर्माला हे चालतं का?

चालतं, पण अटी आहेत. मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातला ज्यू, मूळचा अलिबागचा, त्यामुळे हा प्रश्न मला फार जवळचा आहे.

आमच्यात सर्वांत मोठा मान सेफेर तोराचा, म्हणजे चर्मपत्रावर हाताने लिहिलेल्या तोराच्या (मोशेच्या पाच ग्रंथांच्या) गुंडाळीचा. वास्तू त्याच्या खाली. मिश्ना या आमच्या जुन्या धर्मनियमांच्या संग्रहात सांगितलंय की सिनेगॉग विकलं तर त्या पैशातून हेखाल, म्हणजे तोरा ठेवायचं कपाट घ्यावं. हेखाल विकला तर तोराची वेष्टनं, वेष्टनं विकली तर इतर धर्मग्रंथ, ते ग्रंथ विकले तर तोरा. उलटं करायचं नाही. विकलेल्या वास्तूत न्हाणीघर किंवा कातडी कमवायचा कारखाना काढायला मनाई आहे. राहत्या घराचं नाव त्या यादीत नाही. मोठ्या शहरातलं सिनेगॉग विकणं मात्र जास्त अवघड, कारण तिथे परगावचेही प्रार्थनेला येतात, मग ते एकट्या स्थानिकांचं कसं मानायचं? म्हणून राब्बींना, म्हणजे आमच्या धर्मगुरूंना, विचारल्याशिवाय असा व्यवहार करूच नये.

तुम्ही ऐकलंय ते बहुधा मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइडबद्दल असेल. अमेरिकेच्या १९२४च्या स्थलांतर कायद्याने पूर्व युरोपातून येणाऱ्यांचा ओघ आटला, आधी आलेली कुटुंबं ब्रूकलिन-ब्राँक्सकडे सरकली आणि कित्येक सिनेगॉगं ओस पडली. त्यातलं ८७, एल्ड्रिज स्ट्रीट हे चित्रकार मिल्टन रेझनिक यांनी १९७६मध्ये घेतलं. घर तेच, स्टुडिओही तोच. त्यांची चित्रं अवाढव्य. प्रार्थनेच्या दालनाएवढी उंची साध्या फ्लॅटमध्ये कुठून मिळणार! त्यांची पत्नी पॅट पासलॉफ, त्याही चित्रकार. त्यांनी जवळच फोर्सिथ स्ट्रीटवरचं दुसरं जुनं सिनेगॉग घेतलं होतं. ८७ नंबरमध्ये आता दोघांच्या नावाच्या फाउंडेशनचं कलादालन आहे. ईस्ट सेव्हन्थ स्ट्रीटवरच्या हंगेरियन ज्यूंच्या १९०८च्या सिनेगॉगमध्ये १९८५मध्ये फ्लॅट झाले. २००८मध्ये शहराने त्या इमारतीला संरक्षित वास्तूचा दर्जा दिला.

मला स्वतःला हे पटतं. आमच्या रायगडातही माणसं इस्रायलला गेल्यावर प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमवणं कठीण झालंय. पाडून टॉवर उभा करण्यापेक्षा भिंती राहिलेल्या बऱ्या.

कोणी अशी वास्तू घेणार असेल तर माळे आणि भिंतीतली कपाटं आधी नीट तपासा. हिब्रू पोथ्यांची फाटकी पानं सापडली तर रद्दीत घालू नका, जवळच्या ज्यू मंडळींना कळवा. ती दफनभूमीत पुरायची असतात.