वाचकांचे प्रश्न : रोमचे त्रेवी कारंजे

प्रश्न : रोमला जाणार आहोत. त्रेवीत नाणे कसे टाकायचे? रुपया चालेल का? त्या पैशांचे पुढे काय होते? (नाशिक)

उत्तर : कारंज्याकडे पाठ करून, उजव्या हातात नाणे धरून ते डाव्या खांद्यावरून टाकतात. एक नाणे म्हणजे रोमला पुन्हा येणे, दोन म्हणजे प्रेम, तीन म्हणजे लग्न, असा समज आहे. गर्दीच्या मागून भिरकावू नका, पुढच्याच्या डोक्यात बसते. कठड्यापाशी पोचूनच टाका. कुंडात उतरलात तर दंड होतो. झाडूने कडेला लोटून, पाइपने ओढून नाणी काढतात आणि ती कारितास या सेवासंस्थेकडे जातात. वर्षाला दहा लाख युरोंहून अधिक जमतात. रुपया टाकला म्हणून कोणी अडवणार नाही, पण परकी नाणी वेगळी निवडावी लागतात आणि बँका ती सहसा बदलून देत नाहीत. लहानसे युरोचे नाणेच बरे.

प्रश्न : एवढे भव्य कारंजे खड्ड्यात का बांधले? पायऱ्या उतरून जावे लागते असे ऐकले. (पुणे)

उत्तर : पाण्यामुळे. हे पाणी ‘अक्वा वीर्गो’ या कालव्याचे. रोमन सेनापती अग्रिप्पाने तो इ.स.पू. 19 मध्ये बांधला. लांबी सुमारे 20 किलोमीटर, बहुतेक जमिनीखालून, आणि एवढ्या अंतरात उतार साधारण 4 मीटर. किलोमीटरमागे वीतभर! असे पाणी शहरात पोचते तेव्हा त्याला वर उसळायला जोर उरत नाही. म्हणून कारंज्याचा वास्तुकार निकोला साल्वीने कुंडच रस्त्याच्या पातळीखाली नेले. उंच उडवता येत नाही ते खडकांवरून खाली सोडले, आणि डोळ्यांना धबधबा दिसतो. मला यातच त्याची खरी हुशारी वाटते. आता तेच पाणी पंपांनी फिरवतात, तेव्हा कुंडातले पिऊ नका.

काम 1732 मध्ये सुरू झाले, साल्वी 1751 मध्ये वारला, कारंजे पुरे झाले 1762 मध्ये. मधला पुतळा समुद्रदेव नेपच्यूनचा नव्हे, ओकेआनोसचा, म्हणजे महासागराचा. पिएत्रो ब्राच्चीने तो घडवला. त्याच्या रथाचा एक घोडा शांत, दुसरा बेफाम: समुद्राचे दोन स्वभाव. वरच्या उजव्या शिल्पपटात एक मुलगी सैनिकांना झरा दाखवते आहे. ‘वीर्गो’ म्हणजे कुमारी, कालव्याचे नाव तिच्यावरूनच पडले असे सांगतात.

उजव्या कडेला दगडी घडा आहे, तोही पाहा. नावे ठेवणाऱ्या शेजारच्या न्हाव्याला काम दिसू नये म्हणून साल्वीने तो बसवला, अशी दंतकथा आहे.