फाईल अडकली, म्हणजे मीच कमी पडले का?

"मॅडम, वीस वर्षं झाली नोकरीला. माझ्या मागनं लागलेल्या दोघींना वीस वर्षांचा वरच्या पगाराचा लाभ मिळाला, माझीच फाईल हलंना. माझंच काहीतरी चुकलं असणार न्हवं?"

आरोग्य खात्यातल्या बायका कोल्हापुरात माझ्याकडे समुपदेशनाला येतात तेव्हा शब्द थोडे बदलतात, प्रश्न हाच असतो. या ताई शाहूवाडीकडच्या आरोग्य सेविका. (ओळख पटेल असे तपशील बदललेत.) झोप उडालेली. नवरा रोज संध्याकाळी विचारायचा, "आज तरी गेलीस का ऑफिसात?" शिक्षिका असलेल्या जावेला तिच्या खात्याच्या नियमाने वरची वेतनश्रेणी मिळालेली, म्हणून या घरच्या कार्यालाही जाईनात. मला जास्त खटकलं ते वेगळंच. लसीकरणाचं रजिस्टर त्या घरी आणून रात्री पुन्हा पुन्हा तपासत होत्या. चूक कधीच सापडली नव्हती.

"मन शांत ठेवा" असं मी सांगितलं नाही. पैसे खरंच अडकलेत, तर राग येणारच. साहेब दरवर्षी कामाबद्दल गोपनीय अहवाल लिहितात, त्याबद्दल विचारलं, "गोपनीय अहवालातला प्रतिकूल शेरा कधी कळवलाय तुम्हाला?" नाही. "मग फाईल कशावर अडलीय?" तेही माहीत नव्हतं. वर्षभर स्वतःला दोष दिला, पण सेवापुस्तक, म्हणजे नोकरीच्या नोंदींचं पुस्तक, उघडून पाहिलं नव्हतं.

२ मार्च २०१९ च्या शासन निर्णयाने पदोन्नती न मिळालेल्यांना १०, २० आणि ३० वर्षांच्या नियमित सेवेनंतर वरच्या वेतनस्तराचा लाभ ठरवला. त्यासाठी गोपनीय अहवाल लागतात. ताईंनी चौकशी केली, तर दोन वर्षांचे अहवाल लिहिलेलेच नव्हते. साहेब बदलून गेले होते. लाभाचा आदेश उशिरा निघाला तरी तो पात्रतेच्या तारखेपासून धरतात, हे कळल्यावर त्या पहिल्यांदा खुर्चीत टेकून बसल्या.

मग लेखी अर्ज झाला, पोच आवक क्रमांकासह घेतली. फाईलचा विषय घरात फक्त गुरुवारी, असं ठरलं. नवऱ्यालाही एकदा बोलावलं. त्यांचा जीव पतसंस्थेच्या हप्त्यात अडकलेला. चिडचिड तिथली होती, बायकोवर निघत होती. हप्त्याचं दोघांनी मिळून बघायचं ठरवलं. रजिस्टर घरी येणं आधी कमी झालं, मग बंद.

आदेश अजून निघालेला नाही. परवा फोन आला, एका वर्षाचा अहवाल लिहून मिळालाय, दुसऱ्याचा बाकी आहे. "गुरुवारी जाते परत," म्हणाल्या, आणि लसीकरणाच्या सत्राला उशीर होतोय म्हणून फोन ठेवला.