कणकेचे पाव दगड होतात? आधी पाणी वाढवा

सिडकोतून एक ताई विचारतात: मिसळीसाठी घरीच कणकेचे पाव केले, गरम होते तोवर बरे लागले, संध्याकाळी मात्र रश्श्यात बुडवूनही चावेनात. मैदा घालावाच लागतो का?

नाही लागत ताई. चूक बहुतेक पाण्याची आहे. आपल्या हाताला पोळीच्या कणकेची सवय, त्यामुळे पीठ जरा चिकटलं की आपण मूठभर कोरडं पीठ भुरभुरवतो, आणि पाव तिथंच बिघडतो. गिरणीचं बारीक पीठ भरपूर पाणी पितं आणि कोंडा तर सावकाश पितो, तो नीट भिजला नाही तर मळताना ग्लुटेनचे (पिठाला लवचीक ताण देणाऱ्या प्रथिनाचे) धागे कापत बसतो. 250 ग्रॅम कणकेला दूध-पाणी मिळून 200 मिली तरी हवंच. त्यातली 20 ग्रॅम कणीक 100 मिली दुधात शिजवून खळीसारखी करा (लहानपणी पतंगाला लावायचो ना, तशी), गार करा, मग उरलेली कणीक आणि पाणी घालून नुसतं कालवा आणि अर्धा तास झाकून ठेवा. खळीत पाणी धरून राहतं, म्हणून पाव दुसऱ्या दिवशीही मऊ. नंतर 1 छोटा चमचा इन्स्टंट यीस्ट, दीड मोठा चमचा साखर, पाऊण छोटा चमचा मीठ घालून मळायला घ्या, 30 ग्रॅम लोणी शेवटी. पहिली पाच मिनिटं हाताचा नुसता चिखल होतो, तेव्हा कोरडं पीठ नाही, तेलाचा हात घ्यायचा. ओट्यावर आपटत, ओढत दहा-बारा मिनिटं तिंबलं की तोच चिखल गोळा होऊन हात सोडतो.

निफाडहून एक दादा: रेसिपीत पीठ फुगायला एक तास लिहिलंय, आमच्याकडे अडीच तासांत पीठ हललंसुद्धा नाही.

दादा, डिसेंबर-जानेवारीत तुमच्याकडे पारा एकेरी आकड्यात, तिथं यीस्ट तरी काय करणार, गोधडीत घुसून बसणार. बंद ओव्हनमध्ये गरम पाण्याची वाटी ठेवा आणि शेजारी पिठाचं भांडं. घड्याळ बघू नका, पीठ बघा. दीडपट-पावणेदोनपट झालं की पुरे, कणकेला मैद्यासारखं दुप्पट फुगवायला गेलं तर वरून फाटतं. रोल वळून पुन्हा फुगवल्यावर बोट हलकंच दाबा, खड्डा हळूहळू अर्धा भरून आला की ओव्हनमध्ये. आणि थंडी आहे म्हणून उकळतं दूध ओतू नका, 60 अंशांच्या आसपास यीस्ट मरतंच. मी केलंय हे एका रविवारी पाहुणे दारात असताना, शेवटी त्याच पिठाचे पराठे लाटले. बाळाला पाजतो तितपतच कोमट हवं.

इंदिरानगरच्या काकू: खपली गव्हाचे होतील का?

नुसत्या खपलीचे असे मऊ नाही होणार काकू, तिचं ग्लुटेन कमजोर. पाव भाग खपली, बाकी नेहमीचा लोकवन गहू घ्या. उरलेल्या खपलीची खीर करा, तिथं तिला तोड नाही.

गंगापूर रोडवरून: ओटीजीमध्ये (घरगुती छोट्या ओव्हनमध्ये) वरून कडक पापुद्रा येतो आणि आतून कधीकधी गिच्च. किती वेळ ठेवायचे?

एवढ्या पिठाचे 8 गोळे करा, साधारण 60 ग्रॅमचे, आठ इंची गोल डब्यात सात कडेनं आणि एक मधे. ते फुगून एकमेकांना चिकटले पाहिजेत, म्हणजे बाजू मऊ राहतात, लांब लांब ठेवले की चारही बाजूंनी वाळतात. ओटीजी आधीच तापवून 180 अंशांवर 20 ते 22 मिनिटं, वरून लवकर लाल झाले तर फॉइल टाका. बाहेर काढून बुडाला टिचकी मारा, पोकळ आवाज आला पाहिजे. मग लगेच वरून लोणी फासायचं आणि सुती फडकं झाकायचं, वाफेनं पापुद्रा दहा मिनिटांत मऊ पडतो. उरलेले पाव फ्रिजमध्ये नकोत, तिथं उलट लवकर शिळे पडतात. डब्यात बंद करून बाहेर ठेवा, नाहीतर सरळ फ्रीजरला टाका आणि मिसळीचा रस्सा उकळतोय तोवर तव्यावर झाकण घालून गरम करा.