आधी आकडे, मग मॉडेल

नेरूळ, नवी मुंबई

प्रिय मित्रा,

आपापसांत टकरणाऱ्या कृष्णद्रव्याच्या (न दिसणारं, गुरुत्वाकर्षणातूनच जाणवणारं द्रव्य) मॉडेलवरचं तुझं टिपण सावकाश वाचलं. लॅग्रांजियन (मॉडेलचं मूळ सूत्र) छान मांडलंयस, पण त्यात एकही आकडा नाही. हे मला फार खटकलं.

स्परगेल आणि स्टाइनहार्ट यांनी २००० साली, आपापसांत टकरणाऱ्या कृष्णद्रव्याची कल्पना मांडली. त्यामागे बटू दीर्घिकांचं (लहान आकाशगंगांचं) कोडंही होतं. टकरा नसलेल्या कृष्णद्रव्याच्या सिम्युलेशनमध्ये केंद्राकडे घनता चढतच जाते. प्रत्यक्षात अनेक बटू दीर्घिकांत ती सपाट दिसते. (ताऱ्यांच्या स्फोटांनी ढवळलेला वायूही हे करू शकतो, ते विसरू नकोस.) कण टकरले की बाहेरची ऊर्जा आत पोचते आणि गाभा पसरतो. त्यासाठी काटछेद (टकरेसाठी कणाचं प्रभावी क्षेत्रफळ) लागतो साधारण १ चौरस सेंटीमीटर प्रतिग्रॅम. रूपांतर स्वतः कर: दर जीईव्हीमागे (कणाच्या वस्तुमानाचं एकक) सुमारे १.८ बार्न (अणुकेंद्राच्या मापाचं क्षेत्रफळाचं एकक). म्हणजे १०० जीईव्हीच्या कणाला पावणेदोनशे बार्नच्या आसपास! क्षीण बलातून एवढं येणं शक्यच नाही. हलका मध्यस्थ कण (कृष्णद्रव्याच्या कणांमधलं बल वाहणारा) का आणावा लागतो, ते इथे उमगतं.

आता दुसरं टोक. बटू दीर्घिकांत वेग सेकंदाला काही दशक किलोमीटर, दीर्घिकासमूहांत हजाराच्या पुढे, आणि तिथे काटछेद त्याच एककात, चौरस सेंटीमीटर प्रतिग्रॅममध्ये, ०.१ च्या आसपासच परवडतो. युकावा विभवात (अशा मध्यस्थामुळे येणारं, अंतराबरोबर झपाट्याने विरणारं बल) वेग वाढला की काटछेद घसरतो, म्हणून मॉडेल तरतं. पण तू सरसकट बॉर्न आसन्नीकरण (बल दुबळं असेल तरच चालणारा सोपा हिशेब) वापरलंयस. कण १०० जीईव्हीचा, मध्यस्थ १० एमईव्हीचा (एमईव्ही म्हणजे जीईव्हीचा हजारावा भाग) आणि कपलिंग (बलाची ताकद) ०.०१ घे: कपलिंगला वस्तुमानांच्या गुणोत्तराने गुणलं की १०० येतं. बॉर्नला ते १ पेक्षा बरंच लहान हवं. इथे श्रोडिंगर समीकरण सोडवून कला-बदल (टकरेमुळे कणाचा तरंग किती सरकतो ते) काढण्याला पर्याय नाही.

शिवाय, मध्यस्थाचं पुढे काय होतं? टिकून राहिला तर त्याचाच साठा डोईजड होईल. इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनमध्ये मोडत असेल, तर मंद वेगाला सोमरफेल्ड परिणामाने (हळू कण परस्परांकडे जास्त ओढले जातात) कृष्णद्रव्याचा विलोप, म्हणजे कण भेटून नष्ट होणं, वाढतो आणि प्लँक उपग्रहाने केलेल्या पार्श्वप्रारणाच्या (विश्वाच्या बाल्यातून उरलेल्या प्रकाशाच्या) मोजणीत मॉडेल अडकतं. सदिश (फोटॉनच्या जातीच्या) मध्यस्थाची बरीच मॉडेलं इथेच गळतात. तुझाही सदिशच आहे.

रविवारी ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने येशील तेव्हा एकच आलेख घेऊन ये: आडव्या अक्षावर वेग, सेकंदाला १० ते ३००० किलोमीटर, उभ्या अक्षावर काटछेद. विलोपाचा हिशेब मग दोघं मिळून करू.

तुझा,
सर