कुत्र्या-मांजराची दूध-पोळी बंद करायचीय? मग हे वाच

अगं एकदम सगळं बदलू नकोस, आहे त्याच खाण्यात थोडं थोडं मिसळत आठ-दहा दिवस घे, नाहीतर जुलाब लागतील. कुत्र्याला नुसती दूध-पोळी घालतात ना आपल्याकडे, त्यात प्रोटीन फार कमी पडतं, त्यापेक्षा बिनमिठाचं उकडलेलं चिकन, थोडा भात, वाफवलेला लाल भोपळा, कधी उकडलेलं अंडं असं दे. कांदा-लसूण अजिबात नाही, म्हणजे आपला रस्साच नको, त्याने रक्तातल्या लाल पेशी फुटतात, द्राक्षं मनुके चॉकलेट पण नाही. शिजवलेली हाडं तर नकोच, टोकदार तुकडे होतात आणि आतड्यात घुसतात.

मांजराचं वेगळंय हां, तिला मांसच लागतं, टॉरिन, म्हणजे मांसातून मिळणारं एक पोषक द्रव्य, कमी पडलं तर डोळे आणि हृदय दोन्ही बिघडतात, म्हणून कोंबडीचं हृदय अधूनमधून चांगलं, पण कलेजी आवडते म्हणून रोज नको, अ जीवनसत्त्व जास्त होतं. आणि पूर्ण घरचंच द्यायचं असेल तर आधी व्हेटला, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरला विचार, कारण नुसत्या मांस-भातात कॅल्शियम पुरत नाही. तोपर्यंत मुख्य खाणं विकतचं ड्राय फूडच ठेव आणि वर सांगितलेलं घरचं सगळं मिळून दिवसाच्या कॅलरीच्या 10 टक्क्यांतच बसव.