फुप्फुसाचा कॅन्सर पहिल्या स्टेजला सापडलाय, ऑपरेशन दुर्बिणीने करावं की रोबोटने?

दोन्हीत छाती उघडत नाहीत, फासळ्यांच्या मधून छोटी भोकं पाडून काम होतं, आणि खरं सांगू का, रोबोटने माणूस जास्त जगतो असं अजून काही सिद्ध झालेलं नाही, बिल मात्र जास्त येतं. रोबोट स्वतः कापत नाही हो, सर्जनच कन्सोलवर बसून चालवतो, म्हणून त्याने अशा किती केसेस केल्यात ते आधी विचारा.

खरा प्रश्न आहे काढणार किती. गाठ 2 सेंमीपर्यंत आणि फुप्फुसाच्या कडेला असेल, लिम्फ नोड्स (लसिका ग्रंथी) क्लिअर असतील, म्हणजे तिथे कॅन्सर पोचलेला नसेल तर अख्खा लोब (फुप्फुसाचा मोठा कप्पा) न काढता नुसता सेगमेंट (त्या लोबचा छोटा भाग) काढूनही भागतं. जपानच्या 2022 मधे आलेल्या ट्रायलमधे पाच वर्षांनी सेगमेंटवाले 94.3 टक्के जिवंत होते, लोबवाले 91.1, पण त्याच भागात कॅन्सर परत येण्याचं प्रमाण सेगमेंटवाल्यांत दुप्पट (10.5 विरुद्ध 5.4), त्यामुळे फॉलोअपचे सीटी स्कॅन चुकवायचे नाहीत.

पीएफटी (फुप्फुसाची ताकद मोजायची टेस्ट) खराब आल्यामुळे किंवा हार्टमुळे ऑपरेशन झेपणारच नसेल तर एसबीआरटी नावाचं रेडिएशन असतं, साधारण 3 ते 5 सिटिंग, भूल नाही की टाके नाहीत. आणि हो, लिम्फ नोड्स काढून तपासणार ना, हे सर्जनला विचाराच.